नागपुरात र. धों. कर्वे वाचायचे असतील तर

र. धों. कर्वे यांचं नाव काढलं की समोरून दोनच प्रश्न येतात. ‘महर्षी कर्व्यांचे चिरंजीव ना?’ आणि ‘ते संततिनियमनवाले ना?’ दोन्हींचं उत्तर ‘हो’. त्यापुढे बोलणं सरकत नाही, कारण ज्या लिखाणासाठी या माणसाला कोर्टात उभं केलं ते लिखाण बोलणाऱ्यांपैकी कोणी वाचलेलं नसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे लोकांना खटकणाऱ्या गोष्टींचे पुतळे, निघतात, तसं या लेखकाचं झालंय. बडग्या सगळ्या गावानं पाहिलेला असतो, घोषणा सगळ्यांना पाठ असतात, पान मात्र कोणी उघडलेलं नसतं.

एखाद्या वाचनालयाला, कॉलेजच्या मराठी वाङ्मय मंडळाला किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेला अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींसोबत कर्वे वाचायचे असतील, तर काय काय लागतं आणि गाडं कुठे अडतं, ते इथे लिहिलंय. हे वाचन व्हायला हवं असं मनापासून वाटतं म्हणूनच तयारीचा एवढा आग्रह आहे.

आधी माणूस कोण ते. जन्म १४ जानेवारी १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. भारतातलं असं हे पहिलं केंद्र. १९२३ मध्ये या विषयावरचं पुस्तक आलं आणि पुढे प्राध्यापकी सुटली. १५ जुलै १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला आणि १९५३ मध्ये वारले तोवर त्यांनी ते चालवलं. सव्वीस वर्षं. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर ते दोन वर्षंही चाललं नसतं. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखाबद्दल खटला झाला आणि शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तोही खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

ही शेवटची गोष्ट नागपुरात सांगितली की खोली एकदम जागी होते. सांगावीच. पण बाबासाहेबांचं नाव ढालीसारखं पुढे धरून कर्व्यांचं पान मागे लपवू नका. वकिलानं काय मांडलं ते समजायचं तर ज्या उत्तरांवर खटला झाला तशी उत्तरं आधी वाचावी लागतात. लोक लैंगिक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानानं उत्तर देणं अश्लील कसं, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता.

आता पानं कुठून आणायची. कर्व्यांचं निवडक साहित्य खंडांत प्रकाशित झालेलं आहे, ते मोठ्या वाचनालयांत मिळतं. कर्वे १९५३ मध्ये वारले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात, म्हणजे २०१३ च्या अखेरीस त्यांच्या लिखाणावरचा स्वामित्वहक्क संपला. १ जानेवारी २०१४ पासून त्यांचा मूळ मजकूर कोणीही छापावा, वाटावा, वाचावा. यात एक खाच आहे. नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांचा हक्क संपलेला नसतो, त्यामुळे झेरॉक्स मूळ लेखाची काढा, प्रस्तावनेची नको. मासिकात इतरांचेही लेख येत. लेखाखाली कोणाचं नाव आहे ते बघितल्याशिवाय तो कर्व्यांचा धरून चालू नका.

एका बैठकीला पंधराशे ते अठराशे शब्द पुरेत. मोठ्यानं, सावकाश वाचलं तर मिनिटाला एकशे दहा-वीस शब्द होतात. म्हणजे पंधरा मिनिटं. याहून जास्त घेतलं की मागची रांग मोबाइलमध्ये जाते. निवड तीन प्रकारांतून करा: ब्रह्मचर्यावरचा किंवा वीर्यनाशाच्या भीतीवरचा एखादा लेख, वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं एक पान, आणि ‘शारदेची पत्रे’ या सदरातला एक तुकडा. नुसती प्रश्नोत्तरं घेतली तर बैठक डॉक्टरचा दवाखाना होते. नुसते लेख घेतले तर वक्तृत्व स्पर्धा होते. तिन्ही असले की माणूस कसा विचार करत होता ते दिसतं.

सोबत एक पान तारा‌बाई शिंद्यांचं जोडलं तर फारच उत्तम. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ ची, कर्वे जन्मले त्याच वर्षीची, आणि बाई आपल्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना झोडपायला घेतलं, आणि ताराबाईंनी उत्तर म्हणून हे पुस्तक लिहिलं. मग ते नव्वदहून जास्त वर्षं विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. कर्व्यांआधी हे पान वाचलं की ‘हे सगळं इंग्रजी पुस्तकांतून आलेलं फॅड आहे’ हा आक्षेप बोलण्याआधीच अर्धा विरतो. ताराबाईंची वाक्यं लांब आहेत आणि विरामचिन्हं आजच्यासारखी नाहीत. वाचणाऱ्यानं घरी दोनदा मोठ्यानं वाचून श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीनं खुणावून ठेवावं, नाहीतर त्यातला राग ऐकूच येत नाही.

शब्दांची यादी आधी करा, हे काम टाळू नका. परमा म्हणजे गनोरिया. उपदंश किंवा गरमी म्हणजे सिफिलिस. मुष्टिमैथुन म्हणजे हस्तमैथुन. सुप्रजाजनन म्हणजे ‘चांगली’ संतती निपजवण्याचा त्या काळचा विचार. वीस-पंचवीस शब्द होतात, एका पानात बसतात. यादी नसली तर पहिला अनोळखी शब्द आला की कोणीतरी हसतं, ते हसू पसरतं, आणि लेख तिथेच संपतो. शब्द मराठीत, स्पष्ट, न अडखळता उच्चारायची सवय वाचणाऱ्यानं आधी करावी. ‘ते’, ‘तसलं’, ‘प्रायव्हेट पार्ट’ असं म्हणत कर्वे वाचता येत नाहीत. ते शब्द छापले म्हणूनच तर खटला झाला होता.

सगळ्यात मोठी चूक होते ती कर्व्यांचं पान आजचा वैद्यकीय सल्ला म्हणून वाचण्यात. पहिला अंक निघाला तेव्हा पेनिसिलिन उपचारात आलेलं नव्हतं. गुप्तरोगांबद्दल त्यांच्या लिखाणात जी धास्ती आणि जी घाई दिसते ती त्यामुळे. आज गनोरिया आणि सिफिलिस औषधांनी बरे होतात. गर्भनिरोधक गोळी १९६० ची. सरकारी ‘निरोध’ १९६८ चा. एचआयव्ही हा शब्दच नव्हता. गर्भपात तेव्हा सरळ गुन्हा होता. १९७१ च्या कायद्यानं तो ठरावीक अटींवर वैध झाला, २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही तोच हक्क आहे असं सांगितलं. म्हणून छापील पानाच्या उजव्या बाजूला दोन इंचांचा समास सोडा आणि जिथे माहिती जुनी आहे तिथे त्याच ओळीसमोर आजची माहिती छापा. मागे वेगळं शुद्धिपत्र जोडलं तर ते कोणी उलटून बघत नाही. समासातला मजकूर मेडिकल, मेयो किंवा डागा या आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या एखाद्या डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या, आणि जमलं तर त्यांनाच बैठकीला बसवा. बसवायचं म्हणजे भाषणाला नव्हे, खुर्चीत, सगळ्यांसारखं.

दुसरी जुनी गोष्ट जास्त अवघड आहे. संततिनियमनाच्या चळवळीत त्या काळी जगभर सुप्रजाजननाचा विचार मिसळलेला होता. कोणी मुलं जन्माला घालावीत आणि कोणी नाही, हे ठरवायची भाषा. अशा ओळी भेटल्या तर गाळू नका. गाळल्या की दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच ओळी शोधून आणतं आणि ‘हे लपवलं होतं’ म्हणतं, आणि ते बरोबरच असतं. ओळ वाचा, आज ती का चालणार नाही ते अपंग आणि गरीब माणसांच्या बाजूनं बोला, पुढे जा. कर्व्यांना देव्हाऱ्यात बसवून वाचणारा आणि त्यांचा बडग्या करणारा, दोघंही पानापासून सारखेच लांब असतात.

तिसरी गोष्ट: पत्रं कोणाची आहेत ते बघा. ‘समाजस्वास्थ्य’ला प्रश्न विचारणारे बहुतेक शिकलेले मध्यमवर्गीय पुरुष होते. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं कर्वे ठासून लिहितात, पण प्रश्नांच्या पानावर तिचा आवाज क्वचित येतो. ही उणीव मुलींना पहिल्या दहा मिनिटांत दिसते. त्यांना ती बोलू द्या. ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून मिटवू नका.

कायद्याचं थोडं. कर्व्यांवर भारतीय दंडविधानाचं अश्लील मजकुराबद्दलचं कलम २९२ लागलं. तेव्हा त्या कलमात सूट होती ती धार्मिक ग्रंथांना आणि देवळांतल्या शिल्पांना. विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांसाठी लोकहिताची सूट १९६९ मध्ये आली. कर्वे आज कोर्टात असते तर त्यांच्या हाती जे पहिलं वाक्य असतं, ते त्यांच्या हयातीत कायद्यात नव्हतंच. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत २९४ झालं. सूट कायम आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड आहे. २९५ हे अठराखालच्यांना अश्लील वस्तू देण्याबद्दलचं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अश्लील कशाला म्हणायचं याची कसोटीही बदलली. सगळ्यात कच्च्या मनाच्या वाचकावर एका उताऱ्याचा काय परिणाम होईल, ही १८६८ ची इंग्रजी कसोटी आपल्याकडे फार काळ चालली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सोडून आजच्या समाजाचं मान आणि संपूर्ण कलाकृती बघावी असं म्हटलं. आणि मराठीच्या वाचकांना माहीत असावा असा निकाल त्याआधीचा, १९६९ चा आहे: ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरून पुस्तक किशोरांना अयोग्य ठरवलं तर त्यांनी नुसती धार्मिक पुस्तकंच वाचावीत का, असा त्या निकालातला मुद्दा आहे. आयोजकांपैकी दोघांनी तरी हा निकाल मुळातून वाचून यावा. लहान आहे.

यातून व्यवहारात काय निघतं? ‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठांवर नग्न चित्रं असत. ती मोठ्यांच्या बैठकीत दाखवायला आणि त्यांवर बोलायला हरकत नाही. अठराखालचा एक जरी मुलगा असेल तर पडद्यावर टाकू नका आणि कोणत्याही वयाच्या फोनच्या ग्रुपवर पाठवू नका. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून अश्लील मजकूर पाठवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम वेगळं आहे. ज्ञानासाठीची सूट तिथेही आहे, पण चित्र एकदा मजकुरापासून सुटून फिरायला लागलं की सूट समजावत बसायला कोणी थांबत नाही. पहिली बैठक अठरा पूर्ण झालेल्यांचीच घ्या. सोळा-सतराच्या मुलांसाठी नंतर वेगळी, पालकांच्या लेखी संमतीनं.

संमतीचं पत्र कसं असावं? त्यात ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ लिहाल तर घात होईल. आई-वडिलांना घरी पान सापडतं, त्यावर हस्तमैथुन शब्द असतो, आणि मग जो फोन येतो त्यात राग विषयाचा कमी आणि फसवल्याचा जास्त असतो. ‘तुम्ही आमच्या पोरांना काय शिकवून राहिले?’ याला तेव्हा उत्तर उरत नाही. म्हणून पत्रात ‘लैंगिकता’ हा शब्द पहिल्या ओळीत ठेवा, लेखकाचं नाव, अंकाचा महिना-वर्ष, कोण वाचणार, डॉक्टर असतील का, किती वाजता सुटणार हे लिहा, आणि वाचायची पानं सगळीच्या सगळी पत्राला जोडा. दहातले तीन-चार पालक ‘नको’ म्हणतील असं धरून चाला. जे ‘हो’ म्हणतात ते मग शेवटपर्यंत सोबत राहतात.

वाचनालयात घ्यायचं असेल तर ग्रंथपालांच्या एकट्याच्या माथी मारू नका. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव करून घ्या: कोणतं पुस्तक, कोणती तारीख, कोणत्या वयासाठी. सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली शासकीय अनुदानावर चालतात, अ ते ड असा वर्ग असतो, आणि तक्रार गेली की पहिली भीती अनुदानाची असते. ठराव असला की ग्रंथपालाला ‘मंडळाचा निर्णय आहे’ एवढं म्हणता येतं. पुस्तक कपाटात कुठे ठेवता हेही बघा. ड्युईच्या वर्गीकरणात लैंगिक संबंधांचं समाजशास्त्र ३०६.७ ला, गर्भनिरोध ६१३.९ ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं. कर्व्यांचे खंड बरेचदा आरोग्याच्या कपाटात, योगासनांच्या शेजारी जाऊन पडतात आणि तिथे कोणी त्यांना शोधत नाही. ३०६.७ ला ठेवा आणि मराठी निबंधांच्या कपाटात त्यांच्या नावाची सूचनापट्टी लावा. कुलूपबंद कपाटात तर मुळीच नको. कुलूप लावलं की पुस्तक गलिच्छ असल्याची पावतीच दिली.

वेळ. डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशन असतं, विधानभवन ते बर्डी सगळीकडे कठडे, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला आणि टेकडी रोडला मोर्चे अडवलेले, जमावबंदीचे आदेश निघालेले. वीस मुलं वेळेवर पोचणं कठीण आणि पोलिसांना तुमची बैठक समजावणं त्याहून. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. मे महिन्यात सायंकाळी सहाआधी कोणी घराबाहेर निघणार नाही, आणि सहानंतर सुरू केलं तर मुलींना घरी जायला उशीर होतो. उरतात जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी. रविवारी सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ सगळ्यांत चांगली. बंद खोलीतल्या वीस जणांच्या वाचनाला सहसा पोलिस परवानगी लागत नाही, बाहेर भोंगा लावायचा असेल तर लागते. तरी ठाण्यात माहितीचं एक पत्र देऊन पोच घेऊन ठेवा. अर्धा तास जातो, पण कोणी अचानक गोळा झालं तर बीटवरच्या हवालदाराला विषय आधी माहीत असतो.

संख्या वीस. बारापेक्षा कमी झाले तर चिठ्ठी कोणाची ते ओळखू येतं, पंचविसाच्या वर गेले तर बोलणारे पाच आणि ऐकणारे वीस असं होतं. मुली आणि मुलं एकत्रच बसवा. वेगळं बसवलं की मोकळं बोलतील असं सुचवणारे भेटतील, आणि पहिली पंधरा मिनिटं तसं होतंही. पण स्त्रीच्या हक्काबद्दलचं पान फक्त मुलांनी ऐकलं किंवा फक्त मुलींनी ऐकलं तर त्या पानाचं अर्धंच काम होतं. खुर्च्या गोल लावा, दार उघडं ठेवा, आणि दोन संयोजकांपैकी एक बाई असाव्यातच.

झेरॉक्स चोवीस. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापा: अंकाचा महिना-वर्ष, ‘एकूण पानं सहा, हे तिसरं’, आणि ‘पूर्ण लेख वाचावा’. मोबाइल जमा करून घेऊ नका. फोन काढून घेतले की आत काहीतरी लपवण्यासारखं चाललंय असा निरोप बाहेर जातो. फोटो काढला जाणारच असं धरा. माथ्यावर ‘सहापैकी तिसरं’ असलं की तो फोटो जिथे जाईल तिथे उरलेली पाच पानं मागितली जातात.

आता चिठ्ठ्या, कारण बैठकीचा जीव त्यात आहे. वाचून झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, मग सगळ्यांना सारख्या मापाचे कोरे कागद आणि सारख्या पेन्सिली. स्वतःचं पेन नको, शाईवरून कळतं. प्रत्येकानं चिठ्ठी टाकायचीच. प्रश्न नसेल तर पानातला एखादा शब्द लिहायचा, म्हणजे लिहिणारे हात सगळ्यांचे दिसतात. टाकण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा, आणि नरम शब्दांत नको: ‘प्रश्न लिहा, कोणाचं नाव लिहू नका. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली असेल तर चिठ्ठीत नको, बैठकीनंतर अमुक ताईंना सांगा. तुम्ही अठराच्या आतले असाल तर त्यांना पोलिसांना कळवावंच लागेल, तो कायदा आहे.’ पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, १९ व्या कलमानं ही जबाबदारी ऐकणाऱ्या प्रत्येकावर येते. हे न सांगता मुलाला बोलतं करणं आणि मग पोलिसांकडे जाणं म्हणजे त्याचा विश्वास मोडणं. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

चिठ्ठ्या दोघांनी मिळून उघडायच्या, त्यातले एक डॉक्टर. साधारण तीन ढीग होतात. सगळ्यात उंच ढीग शरीराचा. त्यात एक चिठ्ठी नेहमी सापडते: ‘हे केल्यानं कमजोरी येते का?’ गुप्तरोगांच्या दवाखान्यांच्या जाहिराती बसस्टँडजवळच्या भिंतींवर आजही रंगवलेल्या असतात, आणि रक्ताच्या इतक्या थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो ही समजूत आजोबांपासून नातवापर्यंत आलेली असते. इथे घाई करू नका. आधी कर्व्यांचं पान परत उघडा आणि हस्तमैथुनानं अपाय होत नाही हे त्यांनी सांगितलेला परिच्छेद पुन्हा वाचा. मग डॉक्टरांनी सांगावं की वीर्य रक्तापासून बनत नाही, ते वृषण, शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींत बनतं, शरीर ते रोज तयार करतं, आणि थकवा जाणवतो तो बहुतेकदा भीतीचा आणि अपुऱ्या झोपेचा असतो. जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतरानं एकाच प्रश्नाला दोन उत्तरं एकामागून एक ऐकली की खोलीतले खांदे सैल झालेले दिसतात.

दुसरा ढीग ‘नाही’ म्हणण्याचा. लग्न ठरलंय, शिकायचंय, तो म्हणतो प्रेम असेल तर सिद्ध कर, अशा चिठ्ठ्या. यांना वैद्यकीय उत्तर नसतं. त्या मोठ्यानं वाचून गोलात सोडा आणि संयोजकांनी शेवटी बोलावं.

तिसरा ढीग लहान असतो. ‘मला मुलगी म्हणून जगावंसं वाटतं’, ‘मला मुलंच आवडतात, हा आजार आहे का?’ इथे कर्व्यांच्या पानातले शब्द आजच्या मुलावर चिकटवू नका. त्या काळच्या शास्त्राकडे आजची भाषा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये ३७७ व्या कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. ‘बरं करून देतो’ म्हणणारे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे चार टप्पे सांगा आणि नागपुरात या मुलांसोबत काम करणाऱ्या सारथी ट्रस्टसारख्या संस्थेचं नाव द्या.

याच ढिगातून हल्ली परदेशी वादग्रस्त पुस्तकांचे प्रश्न येतात: मुलं मैत्रिणींचं बघून ‘ट्रान्स’ होतात असं म्हणणारी. त्यांनाही तीच शिस्त लावा, दावा कोणता आणि मोजलं कोणाला. या कल्पनेमागचा २०१८ चा गाजलेला अभ्यास २५६ पालकांना प्रश्न विचारून केलेला होता; मुलांना एकही प्रश्न विचारलेला नव्हता, आणि २०१९ मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानंच त्यावर दुरुस्ती छापली. तसंच, लहान वयातल्या औषधोपचारांच्या पुराव्याबद्दल इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या कॅस अहवालानं गंभीर प्रश्न उभे केले, तेही सांगा. दोन्ही बाजूंची मोजणी मुलांना समजते. त्यांना समजत नाही असं मोठ्यांना वाटतं.

तक्रार आली तर फोनवर वाद घालू नका. नोंदवहीचं एक पान आखून ठेवा: तारीख, अंक, पान नंबर, आक्षेपाची ओळ, तक्रारदाराला काय हवंय. ‘कोणत्या पानावर?’ हा पहिला प्रश्न, आवाज न चढवता. पान माहीत नसेल तर सहाही पानांची प्रत हातात द्या, बसायला खुर्ची द्या आणि वाचून झाल्यावर लिहा म्हणा. काही जण लिहितात, आणि त्यांचा आक्षेप कधी कधी रास्तही असतो: समासातली टीप चुकलेली, एखादा जातिवाचक शब्द तसाच वाचला गेलेला. सात दिवसांत लेखी उत्तर द्या. २००७ मध्ये शाळांतल्या किशोर शिक्षणावर आपल्या राज्यात बंदी आली ती पुस्तिकांमधल्या चित्रांवरून. तेव्हाही चित्रं फिरली, मजकूर फिरला नाही.

बैठक संपल्यावर चिठ्ठ्या तिथेच बारीक फाडून पाण्यात भिजवा. नोंदवहीत फक्त विषय आणि आकडे ठेवा: शरीर अकरा, लग्न सहा, ओळख तीन, असं. पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांचं कोणतं पान काढायचं ते या आकड्यांवरून ठरवा, आणि तारीख मुलं उठण्याआधी फळ्यावर लिहा.